पायाला खूण लागते

इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि माकणीला शेती बघू लागलो. उन्हाळ्यात एका सकाळी विहिरीवरची मोटार चालू करताना डावी बाजू गेली. लकवा. दवाखान्यातून आलो तेव्हा हात सुधारला होता, पाय मात्र जमिनीला चिकटलेला. बाजेवर पडून राहणं जमेना. सारखा उठायचो, पडायचो. सुमन, माझी बायको, वैतागून गेली.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी अंगणातल्या फरशीवर पावलागणिक पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. मोबाईलवर टकटक असा ठोका लावला. पायाचा विचार सोडा, ठोक्याला पट्टी ओलांडा, म्हणाल्या. पाय उचलला. आतून हुकूम पोचत नाही तेव्हा बाहेरची खूण कामी येते, असं त्यांनी समजावलं. ड्रमवर परेड केलेल्या माणसाला ते पटलं.

थंडी पडली तशी माझी तगमग वाढली. सुमन भाकरी करत होती तेव्हा काठी घेऊन एकटाच निघालो. रस्त्याच्या मध्यावर पाय थांबला. तिथं पट्टी नव्हती, ठोका नव्हता. वळणावरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. पाय हलेना.

सुमन पळत आली. माझ्यापुढं तिनं स्वतःचं पाऊल आडवं ठेवलं.

"यावरून टाका. एक."

टाकलं. तिनं परत पाऊल ठेवलं. "दोन." असं करत कडेला आलो. ट्रॅक्टर गेला. तिचे हात अजून पिठाचे होते.

"कुठं निघालता?"

"वाशीला."

कशाला, ते तिला माहीत होतं.

माझ्या पलटणीतला लान्स नायक निवृत्ती वाशीकडचा. बर्फातल्या पोस्टवरून आमची गस्त निघाली तेव्हा सगळ्यात पुढं तो होता. रेडिओवर म्हणाला, "रास्ता ठीक है. आते रहो." मग त्याच्या पायाखालचा बर्फ तुटला आणि तो आत गेला. आम्ही मागचे सगळे वाचलो. दर थंडीत त्या सुमाराला मी त्याच्या आईकडं जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं गेलो. स्टँडपासून घरापर्यंत सुमन शेजारून हलक्या टाळ्या देत चालली. लोक बघत होते. म्हातारी दारात बसली होती. माझ्या पायाकडं बघून तिनं सुमनला आतून मला पाणी आणून द्यायला लावलं. मग नेहमीचं विचारलं.

"त्यो पुढं व्हता ना?"

"व्हय, आई. सगळ्यांच्या पुढं."