आकारामची चुंबळ

कडेगावच्या आकाराम पैलवानाची कुस्ती सुटून तीस वर्षं झाली, पण खुराक सुटला नव्हता. कोरोनाच्या साथीत तो एकशे वीस किलोंचा देह धापा टाकत सांगलीच्या दवाखान्यात आला.

"बाबा, उताणं झोपलात की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो. पालथं झोपा, नाहीतर श्वासाचं मशीन लावावं लागेल," नर्स कीर्तीनं बजावलं.

मशीनच्या नावानं आकारामला घाम फुटला. तो पालथा झाला, पण जमिनीवर ठेवलेल्या घागरीसारखा पोटावर डुलू लागला आणि कलंडून पुन्हा उताणा झाला. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा शहाऐंशी.

"पोरी, जल्मभर पाठ टेकू न्हाई म्हणून झगडलो. आता पोट टेकंना!"

कीर्तीनं आकारामच्या घरी फोन लावला. रंगूबाईनं नवऱ्याची तऱ्हा ऐकून घेतली.

"आवं बाई, गोल बुडाची घागर नुसती कशी बसंल? खाली चुंबळ नको व्हय?"

डोक्यावर घागर घेताना बायका कापडाचं वेटोळं करतात, तसं कीर्तीनं चार चादरींचं भलंमोठं वेटोळं केलं. आकाराम त्यावर पालथा झाला. पोट मधल्या पोकळीत अलगद उतरलं, छाती मोकळी झाली. अर्ध्या तासात आकडा त्र्याण्णव.

रंगूबाईला राहवेना. तिनं फोन केला, "बसली का घागर?"

"बसली, मावशी," कीर्ती हसली, "आणि घोरतीय."