निळ्या प्रकाशातला फ्लॅश

काल नातीने माझा जुना फ्लॅश चालू केला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी पुन्हा त्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या कडेला गुडघ्यांवर बसलो.

नाट्यस्पर्धा होती. फ्लॅश मारायचा नाही, असं दिग्दर्शकांनी बजावलं होतं. पण मंद निळ्या प्रकाशात कन्नड गावाहून आलेल्या नटी सुमनताईंचा चेहरा कॅमेऱ्यात नीट येईना. मी अगदी जवळून फ्लॅश मारला. त्यांचे डोळे दिपले आणि पुढचं वाक्य गेलं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक माझ्यावर धावून आले. मी घाबरून म्हणालो, "ताई आधीच अडखळल्या होत्या, सर. फ्लॅश नंतर मारला."

सगळ्यांनी ते खरं मानलं. ताईंनी पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही. त्या फोटोतली विस्फारलेली नजर मात्र माझ्या स्टुडिओत लोक अभिनय म्हणून वाखाणत राहिले.

काल संध्याकाळी त्यांना फोन करून सगळं कबूल केलं.

"व्हय, मला तवाच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "सर तर गेले आता. तुम्ही असं करा, घरी जेवायला या अन् माझ्या पोरींसमोर सांगा. त्यांना वाटतं, आईला काही पाठच होत नाय."

फोटो भिंतीवरून उतरवलाय. उद्या सकाळच्या एसटीनं निघतो.