कुसाबाईचं चौथं घमेलं

२००४ साली मी अंबडच्या एमआयडीसीतल्या एका चिकन सॉसेजच्या कारखान्यात नोकरीला लागले. माझं काम मालाचं तापमान मोजायचं, चव बघायची आणि बिघडलेला माल बाजूला काढायचा.

तिथं सगळ्यात मोठं मशीन चॉपर. परातीसारखा भला थोरला स्टीलचा थाळा गरगर फिरायचा, आत सहा पाती सुटायची आणि दहा मिनिटांत चाळीस किलो कोंबडीचं लोण्यासारखं मऊ मिश्रण व्हायचं. पात्यांच्या वेगानं मांस तापतं, म्हणून मध्ये मध्ये बर्फाचा चुरा टाकायचा. बारा अंशांच्या वर गेलं की चरबी सुटते आणि सगळा घाणा फुटतो.

चॉपरवर भिमाजीअण्णा. निफाडकडचे, धिप्पाड, मिशीला तूप लावणारे. बर्फ आणून टाकायला कुसाबाई भोये. ती हरसूलच्या वरच्या एका पाड्यावरची, चणीनं एवढीशी, नाकात चमकी. आठ वर्षं ती बर्फच वाहत होती. एकदा तिनं बटण दाबून बघू का म्हणून विचारलं होतं. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी घरचा मिक्सर चालवायला शीक!" सगळे हसले. कुसाबाईही हसली. तिचं ते हसणं मला तेव्हा कळलं असतं तर मी अण्णांना सावध केलं असतं.

अण्णा श्रावणात मांसाला हात लावत नसत. महिनाभर रजा, आणि मुंबईहून एक बदली माणूस यायचा. त्या वर्षी अधिक श्रावण आला. अण्णांनी रजेचा अर्ज नेहमीसारखा एकाच महिन्याचा, निज श्रावणाचा दिला. दुसऱ्या दिवशी डबे उघडून आम्ही बसलो होतो. कुसाबाईनं नाचणीची भाकरी मोडली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अण्णा, औंदा जावयाला धोंड्याला बोलावणार म्हनं?"

"बोलावणार की. पहिलंच वर्ष हाय लग्नाचं."

"जावईबापू माळकरी ना?"

"पक्के."

"मंग ते पाया पडाय वाकतील, आन् तुमच्या हाताला कोंबडीचा वास..." ती थांबली. "जाऊ द्या. आम्हाला डोंगरावरच्यांना काय कळतं? आम्ही तर श्रावणात खेकडं धरतो."

अण्णांचा घास हातातच राहिला. संध्याकाळी त्यांनी अर्ज परत मागून घेतला. नवीन अर्जात अधिक, निज आणि वर गणपतीसुद्धा होते.

व्यवस्थापक वाल्मीक सानप डोक्याला हात लावून बसले. मुंबईचा माणूस एका महिन्यासाठीच मोकळा होता, तोही पुढच्या. हॉटेलवाल्यांचे फोन सुरू झाले. तेवढ्यात कुसाबाई दारात येऊन उभी.

"साहेब, मी चालवते. या तृप्तीताई थर्मामीटर धरतील. बिघडलं तर मला काढून टाका."

साहेबांकडं दुसरा उपाय नव्हता.

तिनं झाकण लावलं, बटण दाबलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं, घाबरली. ती ऐकत होती. "आवाज जाडा हाय अजून," ती म्हणाली. बर्फ टाकला. मग पुन्हा थोडा. "आता पातळ झाला," म्हणत तिनं मशीन बंद केलं. मी थर्मामीटर खुपसलं. अकरा अंश. मिश्रण इतकं चकचकीत, की साहेबांनी बोट लावून बघितलं आणि हॉटेलवाल्यांना फोन लावला. मुंबईच्या माणसाला नंतर कुणी बोलावलंच नाही.

गणपती उठल्यावर भिमाजीअण्णा ताजेतवाने होऊन हजर झाले. "व्हा बाजूला, बाई," म्हणाले. कुसाबाई मुकाट्यानं बाजूला झाली आणि बर्फाची घमेली घेऊन उभी राहिली.

"तीन घमेली टाक."

तिनं तीन टाकली. बरोबर तीन. अण्णांनी मशीन सुरू केलं. तीन-चार मिनिटांत वास बदलला, मिश्रण सैल पडलं, कडेनं चरबीचं पाणी सुटलं. मी तापमान घेतलं. सतरा.

"असं कसं झालं?" अण्णा थाळ्यात बघतच राहिले. "आठ वर्षं तीनच घमेली टाकतोय मी!"

"तुम्ही तीनच सांगत होता," कुसाबाई म्हणाली.

"मंग?"

"तुमची पाठ फिरली की मी मुठीमुठीनं चौथं टाकायचे. उन्हाळ्यात पाचवं."

पॅकिंगच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. अण्णा थाळ्याकडं बघत राहिले, मग तिच्या हातातल्या रिकाम्या घमेल्याकडं. "आठ वर्षं?" ते पुटपुटले आणि हात धुवायला गेले. कुसाबाईच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच मावळलं. चहाच्या वेळी अण्णांचा कप तिनं स्वतः नेऊन ठेवला. त्यांनी तो प्यायला.

मला त्या दिवशी बाद मालाचा कागद भरायचा होता. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "बर्फ सांगितल्याप्रमाणेच टाकला." साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

आठवड्यानं अण्णांनी स्वतःच हॉटेलांना माल पोचवणाऱ्या गाडीवरचं काम मागून घेतलं. बंद खोक्यांना सोवळंओवळं नसतं, त्यामुळं पुढं त्यांना श्रावणात रजाही लागली नाही. कुसाबाईच्या ओळखपत्रावर ऑपरेटर असं छापून आलं. तिनं ते महिनाभर साडीच्या वरून, सगळ्यांना दिसेल असं लावलं.

मी नोकरी सोडली तोपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, ती चॉपरवरच होती. अण्णा हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत सांगत फिरायचे, "त्या बाईला मीच तयार केलं." मी एकदा चिडून तिला म्हटलं, "तुम्ही ऐकून कशा घेता?"

"म्हनू द्या ना, ताई. खोटं कुठं हाय?" ती पात्यांवरून फडकं फिरवत म्हणाली. "रोज एक चूक करून दाखवायचे बिचारे."