भिकाजीकाकांच्या छत्रीची सावली

भिकाजीकाकांवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, कोल्हापुरात बिंदू चौकात. आणि तो केला मी. आधी हे लिहून टाकतो, मग बाकीचं.

भूतखेत मी मानत नाही. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटत वाढलेला पोरगा मी. "भूत दाखवा, मिसळ माझ्याकडून," असं भर सभेत बोललोय. आजही बोलेन. फक्त...

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून बोटीनं तासभर आत खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. संरक्षित. नाव देत नाही — दिलं तर रविवारी तुम्हीच गाड्या काढाल! उन्हाळ्यात तिथं सुरय नावाचे समुद्रपक्षी उघड्या खडकावर अंडी घालतात, म्हणून उतरायला बंदी. भिकाजीकाका तिथले रोजंदारीवरचे राखणदार.

आमच्या कार्यकर्त्यांच्या मोबाईल ग्रुपवर एक फोटो आला. बेटावर हसणारे पाच पर्यटक, शेजारी छत्री धरून काका. मी पेटलो. फोटोचा तळ कापला, वर मथळा टाकला — 'हाच तो बेट विकणारा!' त्यांना एकदा फोन करावा असं मनात आलं होतं. छापखान्यात माझा जोडीदार कार्यकर्ता संग्राम म्हणाला, "इचारत बसलास तर सोमवार उजाडंल की! नाव टाक भावा, त्याबिगर पत्रकाला धार न्हाय." टाकलं. चौकात वाटलं, मोबाईलवर फिरवलं. आठवड्यात काकांना कामावरून काढलं. आम्ही पेढे वाटले.

या एप्रिलमध्ये पक्षी मोजणाऱ्या एका बाईंनी मूळ फोटो मोठा करून दाखवला. मी कापलेल्या भागात, काकांच्या पायाशी, दोन अंडी होती. माणसं उतरली की पक्षी उडतात आणि उन्हात अंडी शिजतात. काका लोकांना हाकलायचे, आणि पक्षी परतेपर्यंत अंड्यांवर छत्री धरून उभे राहायचे.

मे महिन्यात गगनबावड्याचा घाट उतरून मी काकांच्या घरी माफी मागायला गेलो. मी कोण ते सांगितल्यावर काकू दारातच म्हणाल्या, "फोटो तूच कापलंस? उशीर केलंस रे झिला. दिवाळीत गेले ते."

छत्री खुंटीला होती. एक काडी मोडलेली. "काडी बदलूक पण बाजारात जाईत नाय. लोक हसत..."

दुसऱ्या दिवशी काकांचा भाचा रमेश मला बोटीनं घेऊन गेला. उतरायचं नव्हतं, लांबूनच हात जोडायचे होते. दुपारचे बारा. आभाळात ढग नाही. तेवढ्यात स्पीकर लावलेली एक बोट बेटाला घासून गेली. सगळे पक्षी एकदम उठले, खडक उघडा पडला. मी दुर्बीण लावली.

दोन अंडी. त्यांच्यावर सावली.

गोल, छत्रीएवढी. एका बाजूला कड आत बसलेली. वर काहीही नव्हतं! उडणाऱ्या पक्ष्यांच्या सावल्या खडकावरून पळत होत्या — ही हलत नव्हती.

"तुका पण दिसता मा?" रमेशनं विचारलं. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती.

"दिसतंय."

"मोडकी बाजू मामा दर्याकडेच धरीत," एवढंच तो बोलला आणि रडायला लागला.

पक्षी अंड्यांवर परत बसला. मग सावली गेली.

आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना सांगितलं. म्हणाले, उन्हानं भास होतात. दोघांना, एकाच वेळी, मोडक्या काडीसकट? सरांनी विषय बदलला.  तुम्ही माना असं म्हणत नाही.

पण ते पत्रक अजून फिरतंय. परवा कागलच्या एका ग्रुपवर पुन्हा आलं, खाली शिव्यांचा पाऊस. मी खुलासा छापला, तो कुणीच पुढं पाठवला नाही. काकू अजून बाजारात तोंड लपवून जातात. तुम्ही ते पत्रक कुणाला पाठवलं असेल तर नुसतं डिलीट करून सुटू नका. त्या माणसाला फोन लावा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा — भिकाजीकाकांनी बेट विकलं नव्हतं, राखलं होतं. आज लावा.