दारातली माती

शेतकऱ्याला तज्ज्ञ मिळवून देणं हे माझं काम. आमच्या छोट्या संस्थेचं ऑफिस रोह्यात, शेतं पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात आणि खर्च एका कंपनीच्या सामाजिक निधीतून. त्यांनी एक वर्ष दिलं होतं. दुसरं द्यायचं की नाही, ते मातीचे अहवाल पाहून ठरणार होतं.

अहवाल आले आणि मी कपाळावर हात मारला. भरतीचं पाणी बांध फोडून ज्या शेतांत शिरलं होतं, तिथली माती म्हणे उत्तम; क्षार नावालाही नाहीत. "मॅडम, मग सल्लागार कशाला हवाय?" कंपनीच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं. मला शांत राहणं कधी जमलेलं नाही. "आठ दिवस द्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी थेट एका मावशींचं दार गाठलं. तीन वर्षं त्यांच्या शेतात भाताचा दाणा झाला नव्हता, आणि त्यांनी तपासणीला दिलेल्या पिशवीतली माती मात्र पिठासारखी मऊ! "मावशी, ही माती कुठली?"

"दारातली. चाळून दिली ना," त्या अभिमानाने म्हणाल्या. त्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात कामाला जायच्या. तिथं माती चाळल्याशिवाय कोणी हात लावत नाही. "शेतातली खारी, पांढरी पडलेली. ती सायबाच्या हातात कशी देनार गो? लाज नाय वाटत?"

गावभर तेच. पाहुण्यापुढे कोणी शिळं वाढत नाही, तशी वाईट माती कोणी दिलीच नव्हती. मला राग आला तो माझाच. पिशव्या मी गाडीतूनच वाटल्या होत्या. ऊन लागतं म्हणून बांधावर उतरलेसुद्धा नव्हते. मोठी आली शेतकऱ्यांना तज्ज्ञांशी जोडणारी!

कंपनीला सरळ कळवलं: चूक माझी आहे, गावाची नाही, आता तुम्हीच चला. अधिकारी कुरकुरले, पण आले. मातीतज्ज्ञही आले. मावशींच्या मागोमाग आम्ही बांधावरून शेतात उतरलो. जिथं मीठ फुटलं होतं तिथं त्या थांबल्या, मान खाली घालून कुदळीने माती उकरली आणि तज्ज्ञांच्या ओंजळीत ठेवली.

अधिकारी त्या मातीकडे पाहत राहिले. दुसऱ्या वर्षाचं त्यांनी तिथंच कबूल केलं. मला जग जिंकल्यासारखं वाटलं, पण ते फार टिकलं नाही.

तज्ज्ञांनी माती बोटांत चुरली. "मावशी, खोटं सांगत नाही. बांध दुरुस्त झाल्याशिवाय इथं भात होणार नाही. यंदा बियाणं टाकू नका. बांध झाला की मीठ कसं धुवून काढायचं, ते मी येऊन दाखवतो."

मी धास्तावून मावशींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"तीन सालं बी टाकलं," त्या म्हणाल्या. "नको टाकू, एवढं सांगायला कोन आलाच नाय."