आप्पांनी केलेला तरस

आप्पा कुणालाही माफ करत नसत. न भांडता, आवाज न चढवता, वर्षानुवर्षं वैर धरून असत. निपाणीजवळच्या आमच्या गावात त्यांचं घर चपला करणाऱ्यांचं, पण माझे हे मामा कातड्याचे प्राणी करत, भिंतीतून अर्धं अंग बाहेर काढल्यासारखे. माझा हात या कामाला त्यांनीच लावला.

बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं भिजवून ते मातीच्या साच्यावर बसवत आणि अंगठ्यानं दाबत राहत. तेवढा वेळ कुणाशी बोलत नसत. रंग मात्र दुसऱ्या दिवशी, चहा पिऊन, निवांत. म्हणायचे, "राग कातडं वलं हाय तवर. रंगाला डोस्कं थंड लागतंय, रं."

त्यांचा बिबट्या निपाणीच्या एका चपलांच्या व्यापाऱ्यानं बेळगावच्या प्रदर्शनात मांडला. आप्पा नवा सदरा घालून मला घेऊन बघायला गेले, तर खाली पाटी व्यापाऱ्याच्या मुलाच्या नावाची. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "त्येचं तोंड मला पाठ हाय."

मग त्यांनी तरस केला. कातड्याची कड रापीच्या पात्यानं बारीक चिरून मानेवरचे केस उभे केले, फिकट अंगावर गडद पट्टे ओढले. तोंड मात्र व्यापाऱ्याचं. तीच ओघळलेली डावी पापणी, तेच पुढे आलेले दात, तेच गोड हसू. मामी बघून म्हणाली, "अवं, जनावराला तरी लाज वाटंल."

व्यापाऱ्यानं तो विकत घेतला आणि दुकानात गल्ल्याच्या वर टांगला. गिऱ्हाईक वर बघे, मग खाली मालकाकडे बघे आणि चप्पल पायात घालायचं निमित्त करून मान खाली घाली. सगळी बाजारपेठ हसली. आप्पांना ते पुरेना. लोकांनी ओळखून काय उपयोग, त्यानं ओळखलं पाहिजे, म्हणायचे. शेवटच्या आजारातही विचारत, "वळखलं काय रं त्येनं?" मी न्हाय म्हणायचो.

दिवसकार्याला व्यापारी आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पयल्याच दिशी वळखलं हुतं मी. म्हटलं, हुं दे शिक्षा. आता त्या तरसाखाली आप्पांचं नाव लावतो."

आप्पांना हे जिवंतपणी सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. माणूस रडत होता. मी म्हणालो, "तरस ऱ्हाऊ दे. नाव बिबट्याखाली लावा."

बिबट्या व्यापाऱ्याच्या मुलाच्या बंगल्यात आहे, पाटीही अजून मुलाच्याच नावाची. येणारेजाणारे अजून मुलाचंच कौतुक करतात. पोराला काय सांगू, म्हणतो व्यापारी. मी दर बाजाराला त्याच्या दुकानात जाऊन समोरच्या स्टुलावर बसतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. तो चहा मागवतो. म्हाताऱ्या माणसाला असं छळणं बरं नव्हे, हे मला कळतं, त्याची शरम वाटते, आणि पुढच्या बाजाराला मी पुन्हा जातो.

काल घरी कातडं भिजत घातलं. या खेपेला तोंड मुलाचं आहे.