पाहुण्यांची खेळी

बुद्धिबळाचा एकही डाव न खेळता उभं आयुष्य बुद्धिबळात घालवलेला माणूस सगळ्या पुण्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. नातं तरी सरळ असावं! माझ्या मेव्हण्याचे सासरे. या नात्याला मराठीत काय म्हणतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. म्हणून ते मला ‘पाहुणे’ म्हणायचे आणि मी त्यांना ‘काकाजी’. मूळचे नागपूरकडचे. टेलिफोन खात्याच्या नोकरीने पुण्यात आले आणि निवृत्त होऊन बिबवेवाडीत राहिले, पण त्यांची बोली काही पुण्याला शरण गेली नाही.

पहिली भेट मेव्हण्याच्या लग्नातली. कार्यालयाची फरशी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची होती. बुद्धवंदना झाली, विधी आटोपला, सगळे फोटोसाठी उभे राहिले, तोच वधूपिता पुढे आले आणि खाली टक लावून पाहू लागले. मला वाटलं, मुलगी सासरी जाणार म्हणून गलबलून आलं असेल. मीही चेहरा पाडला. तर ते म्हणाले, “पाहुणे, तुम्ही काळे नं? एक घर मागं सरका बरं.” मी हादरलो. माणसाचा रंग काढायची ही काय वेळ झाली? मग लक्षात आलं की नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत होती आणि माझा कोट काळा होता. मी सरकलो. माझ्या सासूबाईंना त्यांनी दोन घरं तिरकं नेलं, फोटोग्राफरला कोपऱ्यात कोंडलं आणि “आता जमलं,” म्हणून समाधानाने जेवायला निघून गेले. काय जमलं ते कोणालाच कळलं नाही. त्या फोटोत दोन्हीकडची मंडळी कडाक्याचं भांडण झाल्यासारखी लांब लांब उभी आहेत.

काकाजी बुद्धिबळाची कोडी रचायचे. पटावर मोजक्या सोंगट्या मांडायच्या, पहिली खेळी पांढऱ्याची, आणि दोन खेळ्यांत काळ्या राजावर मात. “मग सरळ डावच का खेळत नाही?” असं मी एकदा विचारलं. “डावाले दुसरा माणूस लागते, अन् तो त्याच्या मनानं खेळते,” असं उत्तर मिळालं. कोड्याचे कायदे मात्र कडक. उत्तर एकच हवं. दुसरं निघालं की कोडं फुकट. एकही सोंगटी उगाच नको. पहिल्याच खेळीला शह देणं हा तर शुद्ध गावंढळपणा, “बेल न वाजवता कोणाच्या घरात घुसल्यासारखं होते ते.” आमटीत मीठ घालावं तसं ते एखादं प्यादं ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे, आणि यात दिवाळी येऊन जायची. काढलेली प्यादी शर्टाच्या खिशात जात आणि काकूंच्या धुण्यात निघत. असाच एक पांढरा घोडा कायमचा हरवला. त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण आलं. हे झाकण घोडा आहे हे माझ्या कधीही लक्षात राहिलं नाही.

आता मला बुद्धिबळ येतं असा कोणाचा समज होऊ नये. सोंगट्या कशा चालतात एवढंच मला येतं, तेही कोणी समोर नसताना. तरीही काकाजींचं नवं कोडं तयार झालं की रविवारी फोन यायचा आणि मी वैतागत बिबवेवाडी गाठायचो. दिवाणावर पट, कडेला मी, समोर ते. मी डोकं खाजवत बसायचो आणि ते माझ्याकडे दूध उतू जाईल की काय अशा नजरेने पाहत राहायचे. शेवटी एकदा न राहवून मी म्हणालो, “अहो, कसबा पेठेतला तुमचा तो खेळाडू मित्र आहे ना, त्याला दाखवा की!”

“त्याले काय दाखवता? जाणता माणूस वेड्यासारखी खेळी करतच नाही. दुसरं उत्तर कुठं लपलं असन तर ते तुमच्यासारख्यालेच सापडन.”

हे कौतुक होतं की अपमान, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. पण ते खरं ठरलं. एकदा त्यांनी पावसाळाभर घासून पुसून केलेलं कोडं समोर होतं. मला चहाची तल्लफ आली होती, म्हणून सुटका करून घ्यायला मी कोपऱ्यातलं एक प्यादं पुढे ढकललं. काकाजी पटाकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, “होते. याच्यानंही मात होते. पाहुणे, तुम्ही घरी जा.” चहाही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, “लय उपकार झाले.” मग म्हणाले, “मरायच्या आत एक कोडं बिनचूक झालं पायजे बस.” त्यांना आयुष्याकडून एवढंच हवं होतं.

पुढे आमच्या मेव्हण्याला हिंजवडीत नोकरी लागली, त्याने वारज्याला फ्लॅट घेतला आणि जुना कॉम्प्युटर सासऱ्यांना आणून दिला. त्यात बुद्धिबळाचा प्रोग्रॅम. “पप्पा, आता चेक करायला कोणी नको, सेकंदात रिझल्ट!” रिझल्ट खरंच सेकंदात आला. काकाजींनी जपलेल्या कोड्यांत कॉम्प्युटरने एकामागून एक दुसरी उत्तरं काढून दाखवली. एकही धड निघालं नाही. मेव्हण्याला वाटलं, आपण सासऱ्यांची सोय केली. काकाजींनी पट गुंडाळला आणि माझे रविवार मोकळे झाले. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मी घरभर फिरून बायकोला, “आज फोन वाजला का?” विचारत राहायचो. हे काय चाललंय ते मलाच उमगेना. मला करमत नव्हतं, दुसरं काही नाही.

बऱ्याच महिन्यांनी फोन आला. “झालं. मशीन म्हणते, एकच उत्तर हाय. या रविवारी.”

“पण मशीनने तपासलं ना? आता माझं काय काम?”

“तपासलं. पण ते अडकतच नाही ना पाहुणे! कोणी अडकल्याबिगर कोडं कायचं?”

मी गेलो आणि मनसोक्त अडकलो. दोनदा चहा झाला, तरी काही कळेना. काकाजी माझ्या चेहऱ्याकडे पाहून लहान मुलासारखे खुलले होते. “अडकले नं? मस्त! राहू द्या तसंच, पुढच्या रविवारी पाहू.” पुढचा रविवार त्यांनी पाहिला नाही. झोपेतच गेले.

पट अजून दिवाणावर तसाच आहे. काकू भोवतीने फडकं मारतात, कोणाला तिथे बसू देत नाहीत. मेव्हणा एकदा म्हणाला, “भाऊजी, सांगू का उत्तर?” मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गाडीची किल्ली घेऊन खाली गेला. मी मात्र रविवारी जातो. काकू चहा टाकतात आणि आतून विचारतात, “सुटलं का?” मी नाही म्हणतो.

गेल्या रविवारी काय झालं कोण जाणे, मला एकदम आठवलं की ते झाकण म्हणजे घोडा. तो फुकट मरायला काळ्या प्याद्याच्या तोंडी द्यायचा. कोणताही शहाणा माणूस देणार नाही, पण दिला की काळ्याने काहीही करो, मात आहे. मी पुन्हा पाहिलं. आहेच. झाकणाकडे माझा हात गेला. समोरची खुर्ची रिकामी होती. जिंकल्याचं सांगायचं तरी कोणाला?

“सुटलं का?” काकूंनी विचारलं.

मी हात मागे घेतला. “छे हो काकू, काहीच कळत नाहीये.”

“बरं झालं,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचा कप पटापासून लांब ठेवला.